बिभीषण ड्रेसरची तीन शिफारसपत्रं

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात बिभीषण नावाचा ड्रेसर होता. चकलांब्याचा धनगर. जखम धुवायची, पट्टी बांधायची, हाड मोडून आलेल्याला डाक्टर येईपर्यंत बांबूच्या कामट्या लावून धरायचं, एवढंच त्याचं काम. पण लोक दवाखान्याच्या पायरीवर आले की आधी विचारायचे, "बिभीषण हाय का?" तो नसला तर डाक्टर समोर खुर्चीत बसलेला असूनही अर्धे लोक ओट्यावर त्याची वाट बघत बसायचे.

त्याची एक खोड साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. कुणी त्याच्या हातात बंद लखोटा दिला की हा गडी देणाऱ्याच्या देखत तो फोडायचा. तहसीलचा असो की सोयऱ्याचा, फोडायचा, उभ्या उभ्या वाचायचा नि मग घडी करून खिशात घालायचा. लोकांना राग यायचा. आपल्याकडं बंद लखोट्याचा मान केवढा! लाखेची मोहर लावलेला कागद माणूस कपाळाला लावतो, पागोट्यात खोचतो आणि जिथं द्यायचा तिथं नेऊन देतो. वाटेत फोडला म्हणजे देणाऱ्याच्या इमानावर थुंकल्यासारखंच. "बिभीषणाला रीतभात म्हणून न्हाई," असं म्हणायचे. अहो, होती की रीतभात! लई होती. तिनंच तर त्याला खड्ड्यात घातलं.

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. निजामाचं राज्य. गेवराईला सरकारी मदरसा, म्हणजे उर्दू शाळा होती आणि तिच्या पलीकडं दवाखाना. बिभीषणाचा बाप धुळाजी चकलांब्याच्या शिवारात मेंढरं राखायचा. बाजारच्या दिवशी बापलेक मेंढरं घेऊन गेवराईला यायचे, तेव्हा हे पोरगं मदरशाच्या खिडकीखाली बसून आतलं ऐकायचं. राधाकिशन मास्तरांनी एके दिवशी खिडकीतून हात घालून त्याचा कान धरला. म्हणाले, "काय ऐकलंस ते म्हण बघू." ह्यानं सबंध धडा म्हणून दाखवला, तोही उर्दूत! मास्तर चाटच पडले. त्यांनी धुळाजीला बोलावून सांगितलं, "हे पोरगं मेंढरांमागं घालू नको. माझ्या हवाली कर."

धुळाजीनं केलं. मास्तरांनी पाटी दिली, बोरू दिला, पोराचा हात आपल्या हातात धरून अलिफ-बे गिरवून घेतलं. त्यामुळं झालं काय, की बिभीषणाचं अक्षर हुबेहूब मास्तरांसारखं वळलं. तसंच गोल, तसंच डावीकडं झुकलेलं. मदरशाच्या तपासणीला आलेल्या साहेबालाही दोघांतलं कुणाचं कुठलं ते ओळखू येईना. मास्तर हसून म्हणायचे, "माझ्या पोरानं नाही उचललं माझं अक्षर, ह्या धनगराच्या पोरानं उचललं." बिभीषणाला त्या वाक्यानं इतका आनंद व्हायचा, की तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

राहायला जागा नव्हती, म्हणून तो दवाखान्याच्या पडवीत झोपायचा. बदल्यात झाडलोट करायचा, बाटल्या धुवायचा. तिथले डाक्टरसाब हैदराबादकडचे मुसलमान गृहस्थ. बोलायला तुटक, हसायला कंजूष, कामाला वाघ. बघता बघता बिभीषण बाटल्या धुण्यावरून पट्ट्या बांधण्यावर आला.

आणि मग आली मानमोडी. तापानं माणूस सकाळी मान टाकायचा नि संध्याकाळी उचलावा लागायचा. मदरसा बंद झाला, मास्तर बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला गेले. गावोगावी जाणार कोण? डाक्टरसाब एकटे. त्यांनी बिभीषणाच्या खांद्याला झोळी अडकवली आणि उमापूरच्या अंगाला पाठवलं. दोन महिने हे सतरा वर्षांचं पोरगं घरोघर फिरलं. चाळीसावर घरं त्यानं एकट्यानं सांभाळली. औषध पाजलं, पेज पाजली, मेलेल्यांना उचलायला माणूस मिळेना तेव्हा खांदाही दिला. उमापूरचे देशमुख सुंदरराव, लई मोठे जमीनदार, त्यांच्या घरानं मात्र आतून कडी लावलेली. त्यांचा पुतण्या आप्पाराव बिभीषणाच्याच वर्गातला, मदरशात एकाच पट्टीवर बसणारा. तो माडीच्या खिडकीतून हाक मारायचा, "बिभ्या, बे, मरशील! घरी जा!" बिभीषण खालून हात हलवायचा नि पुढच्या घरात शिरायचा.

साथ ओसरल्यावर वर्षभरानं हैदराबादेहून कागद आला. तिथल्या डाक्टरी शाळेत त्या साली जिल्ह्यामागं एकाच पोराला वजिफ्यासह घेणार होते. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं सरकारचं. अट एवढीच की मदरशाची परीक्षा पास हवी आणि दरखास्तीला, म्हणजे अर्जाला, दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारसपत्रं हवीत. दोनच. तिसरं जोडलं तर दरखास्तच बाद, असं त्यात साफ लिहिलेलं. जिल्ह्यातून दोन पोरांनी नावं घातली. एक आप्पाराव देशमुख, दुसरा बिभीषण धुळाजी.

बिभीषणाला वाटलं, आपण डाक्टर होणार. नुसतं वाटलं नाही, त्याला ते दिसायला लागलं. मानमोडीत त्याच्या हातावर नऊ माणसं मेली होती. त्यातली चार-पाच तरी वाचली असती, फक्त आपल्याला कळत नव्हतं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याला ते कळून घ्यायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पहिलं पत्र त्यानं डाक्टरसाबांकडं मागितलं. त्यांनी तिथंच टेबलावर, त्याच्या देखत लिहिलं नि उघडाच कागद त्याच्या पुढं सरकवला. "पढ," म्हणाले. "जो लिखा सो तेरे सामने लिखा. मेरे कने छुपाने का कुछ नहीं." कागद अर्ध्या पानाचा. मानमोडीत ह्यानं उमापूरची चाळीस घरं एकट्यानं सांभाळली, हात हलका आहे, डोकं तेज आहे, असं वर लिहिलेलं. वाचता वाचता बिभीषणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि खाली ही ओळ: 'एकदा ह्यानं मंजुळाबाई नावाच्या म्हातारीला चोळायच्या औषधाची बाटली प्यायला म्हणून दिली. रस्त्यात ध्यानात येताच पळत माघारी जाऊन ती काढून घेतली. कुणाला काही कळलं नसतं, तरी दुसऱ्या दिवशी आठ कोस चालत येऊन त्यानं मला आपणहून सांगितलं.'

बिभीषणाचं तोंड एवढंसं झालं. ती बाटली त्याच्या स्वप्नात यायची. डाक्टरसाबांनी ती सरकारदरबारी पाठवायच्या कागदावर मांडून ठेवावी? त्यानं सलाम केला आणि कागद घेऊन आला.

दुसरं पत्र सुंदररावांचं. धुळाजी स्वतः उमापूरला गेला, पायरीखाली उभं राहून म्हणाला, "मालक, पोराच्या नावाचं दोन शब्द लिवा." सुंदरराव म्हणाले, "लिहू की. तुमचं आमचं काय आजचं आहे? तुझी मेंढरं यंदा आमच्या काळ्या रानात पंधरा दिवस जास्तीची बसव." मेंढरं रानात बसवली की लेंडीचं खत पडतं, जमीन तरारते, त्याबद्दल धनगराला धान्य देतात, अशी जुनी वहिवाट. ह्या पंधरा दिवसांचं धान्य धुळाजीनं मागितलं नाही आणि मालकांनी दिलं नाही. सोळाव्या दिवशी लखोटा मिळाला. जाड कागद, लाल लाख, वर देशमुखीची मोहर. धुळाजीनं तो घोंगडीच्या आतल्या पदरात बांधून चकलांब्याला आणला. आळीतल्या बायामाणसांनी येऊन मोहरेला बोट लावून बघितलं.

तिसरं मास्तरांनी आपणहून लिहून दिलेलं. तेही बंद, तेही मोहर लावलेलं. मास्तरांनी ते त्याच्या हातावर ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवला. बिभीषणानं त्यांचे पाय धरले.

आता तीन पत्रं आणि लावायची दोन. बिभीषणानं मास्तरांनाच विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार? डाक्टरसाबांचा उघडा कागद त्यानं त्यांच्या पुढं ठेवला. मास्तरांनी वाचला, पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"अरे, ह्यात तुझी चूक लिहिली आहे की! शिफारशीत कुणी चूक लिहितं का? आणि हे असं उघडं, पुडी बांधायच्या कागदासारखं. हैदराबादेत चिटोरं म्हणून फेकतील. एकीकडं देशमुखांची मोहर, एकीकडं माझी. आणखी काय पाहिजे तुला?"

"पर मास्तर, मानमोडीचं समदं त्यातच हाय."

"ते आम्ही लिहिलं नसेल का?" मास्तर रागावले. "का मोहर फोडून बघायचीय? संशय घेतोस माझ्यावर?"

बिभीषणानं दोन्ही कान धरले. छे, छे, असं कसं! डाक्टरसाबांचा कागद त्यानं आईच्या पेटीत, तिच्या लुगड्याखाली ठेवला आणि दोन्ही बंद लखोटे दरखास्तीला जोडून तहसीलात नेऊन दिले. जे पत्र वाचलं होतं ते घरी ठेवलं, जी वाचली नव्हती ती पाठवली. आता आपण म्हणू, किती खुळा! पण त्या काळी, त्या मुलखात, कुणीही हेच केलं असतं. मोहरेवर संशय घ्यायचा नसतो, आणि ज्यानं हात धरून लिहायला शिकवलं त्याच्या मोहरेवर तर नाहीच नाही.

डाक्टरसाबांनी एकदा विचारलं, "मेरा कागज लगाया?" बिभीषण खाली बघून "हौ," म्हणाला. आयुष्यातलं त्यानं बोललेलं हे एक खोटं.

दोघांनाही हैदराबादेहून बोलावणं आलं. शहागडला नावेनं गोदावरी ओलांडायची, बैलगाडीनं जालना गाठायचं, तिथून पुढं रेल्वे. आप्पाराव आणि बिभीषण एकत्रच गेले. आप्पारावाच्या डब्यात धपाटे होते, ते दोघांनी मिळून खाल्ले. आप्पाराव म्हणाला, "दोघांनाही घेतलं तर लई मज्जा येईल, बे." तो मनापासून म्हणाला. वाईट पोरगा नव्हता तो.

शाळेत आधी आप्पारावाला आत बोलावलं. तो हसत बाहेर आला, पण बिभीषणाकडं बघेना. मग बिभीषण गेला. लांब टेबलापलीकडं तीन साहेब बसलेले. मधले पिकल्या दाढीचे साहेब कागद चाळत उर्दूत म्हणाले, "तू चांगला मुलगा दिसतोस. पण दरखास्त चुकीची केलीस. वॉर्डातल्या नोकराच्या जागा वेगळ्या असतात. तिथं तुला आजच लावून घेऊ."

बिभीषणाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "सरकार, मी डाक्टरी शिकायला आलोय."

"तुझ्या दोन्ही शिफारशी तर हेच म्हणतात." साहेबांनी वाचून दाखवलं. देशमुखांचं म्हणणं, हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या चाकरीतलं, पोरगा अंगानं बळकट आहे. आणि मास्तरांचं पत्र दीड ओळीचं. 'दियानतदार, मेहनती, फर्माबरदार. सांगितलेलं काम मुकाट्यानं करतो.'

इमानदार, कष्टाळू, आज्ञाधारक. बैलाबद्दलही एवढंच लिहिता येतं.

तरी बिभीषण बोलला. म्हणाला, "सरकार, मानमोडीत मी उमापूरची चाळीस घरं सांभाळली. इचारा कुनालाबी."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसरा कागद उचलला. "उमापूरची चाळीस घरं? ती तर आप्पाराव देशमुखानं सांभाळली. त्याला आत्ताच विचारलं, तो हो म्हणाला. तुला उर्दू वाचता येतं ना? हे वाच."

त्यानं वाचलं. अक्षर गोल, डावीकडं झुकलेलं. क्षणभर त्याला वाटलं, हे आपणच लिहिलंय. 'आप्पाराव देशमुख हा अतिशय जहीन विद्यार्थी. मानमोडीच्या साथीत ह्यानं जिवाची पर्वा न करता उमापूरची चाळीस घरं एकट्यानं सांभाळली.' खाली सही राधाकिशन मास्तरांची. झोळी होती, पेज होती, खांदा देणं होतं. सगळं बिभीषणाचं होतं, फक्त नाव त्याचं नव्हतं. आणि 'जहीन' होतं. जहीन म्हणजे हुशार. हा शब्द मास्तरांनी त्याच्या पाटीवर किती वेळा लिहिला होता!

"डाक्टरसाबांचं पत्र हाय माज्याकडं," तो कसाबसा म्हणाला. "त्यात समदं खरं लिवलंय."

"कुठं आहे?"

कुठं असणार? चकलांब्याला, आईच्या लुगड्याखाली. हजार कोसांवर असतं तरी एवढं दूर वाटलं नसतं.

"दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगणारा मुलगा आम्हाला डाक्टर म्हणून नको," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हळहळच होती. "आणि आता नोकर म्हणूनही नको. जा बाळ."

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. मास्तरांनी डाक्टरसाबांचा कागद कावून वगळायला लावला? चूक लिहिली होती म्हणून? हट्! तो कागद इथं आला असता तर तीच चाळीस घरं दोन पोरांच्या नावावर निघाली असती आणि मास्तरांची चोरी उघडी पडली असती. चष्मा पुसत होते! पुसत पुसत हिशेब करत होते.

बाहेर बाकावर आप्पाराव बसला होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. बिभीषणानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि चालू लागला. रेल्वेत रडला नाही, नावेत रडला नाही. गेवराईत पाय ठेवला तो थेट मदरशात.

मास्तर एकटेच होते, हजेरीपटावर रेघा ओढत. त्याला बघून उठले. "ये, ये. काय म्हणाले?"

"मास्तर, जहीन कावून न्हाई लिवलं?"

मास्तरांचा बोरू थांबला.

"मला डाक्टर न्हाई केलं त्याचं सोडा," बिभीषण म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. "पर एक शब्द! तुमीच तर म्हनायचे. समद्या वर्गादेखत म्हनायचे. कागदावर लिवताना कुटं गेला वो?"

"मी तुझं वाईट काय लिहिलं रे?" मास्तर हळूच म्हणाले. "इमानदार लिहिलं, कष्टाळू लिहिलं."

"आन् मानमोडी? तुमी तर गावात बी नव्हते! माज्याच तोंडून ऐकलंत आन् त्याला देऊन टाकलंत?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "सुंदररावांनी माझ्या पोराला पटवाऱ्याच्या हाताखाली लावलं. त्यांना नाही कसं म्हणू? आणि आप्पारावाकडं लिहिण्यासारखं काहीच नव्हतं रे. तुझ्याकडं भरपूर होतं. मला वाटलं, तू काय, कसाही निभावून नेशील."

आता ह्याला काय म्हणावं? मारलेलं परवडतं. एवढ्या लाडानं कापलेलं परवडत नाही. बिभीषणानं कंबरेला खोचलेला बोरू काढला, मास्तरांनी पहिल्या दिवशी दिलेला, झिजून बोटाएवढा उरलेला. तो हजेरीपटावर ठेवला आणि बाहेर पडला. पुन्हा मदरशाची पायरी तो चढला नाही.

डाक्टरसाबांकडं जाणं त्याहून जड होतं. तो दारातच उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. डाक्टरसाब ऐकत राहिले. शेवटी एकच विचारलं, "मेरा कागज नहीं लगाया? तू तो बोला, लगाया."

"चूक लिवली व्हती त्यात, साब. मला लाज वाटली."

"अरे पागल," डाक्टरसाब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "चुका तो सब करते. आठ कोस चल के बोलने कू कौन आता? मेरी सिफारिश तो उसीच लाइन में थी."

मग मात्र बिभीषण रडला. आपल्याला फसवलं म्हणून रडला तेवढंच, ज्यानं फसवलं नाही त्याला आपण फसवलं म्हणूनही रडला. डाक्टरसाबांनी हैदराबादला लिहून पाहिलं. उत्तर आलं, जागा भरली. तेव्हा त्यांनी त्याला दवाखान्यातच ड्रेसर म्हणून लावून घेतलं. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. धुळाजीनं एकच केलं. त्या सालापासून त्याचं मेंढरू सुंदररावांच्या रानात बसलं नाही. मालकांचे निरोपावर निरोप आले, धुळाजी म्हणायचा, "आमची मेंढरं लई बळकट हाईत मालक, पर आज्ञाधारक न्हाईत."

सोळा वर्षं गेली. बिभीषणाच्या कानावरचे केस पिकले. बंद लखोटा फोडायची खोड पक्की झाली. मास्तर वारले, तेव्हा तो अंत्ययात्रेला गेला, पण लांब उभा राहिला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "अक्षर अजून त्यांचंच येतंय माज्या हातातून. काय करू त्याला?"

आणि गेवराईच्या दवाखान्यात नवे डाक्टर बदलून आले. डाक्टर आप्पाराव देशमुख.

चांगले डाक्टर होते, खोटं कशाला बोला? औषध बरोबर द्यायचे, गरिबावर ओरडायचे नाहीत. बिभीषणाला 'अहो बिभीषणराव' म्हणायचे, हा त्यांना 'साहेब' म्हणायचा. चाळीस घरांचा विषय कुणीच काढला नाही. दोघं एकाच जखमेवर वाकायचे, पण एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे नाहीत.

एक दिवस वरून कागद आला. दवाखान्याला कंपाउंडर हवा. जुन्या ड्रेसरला परीक्षेला बसता येईल, डाक्टरचं शिफारसपत्र जोडून. पगाराचं जाऊ द्या, पण कंपाउंडर झाला की औषध स्वतःच्या हातानं बनवता येणार होतं. सोळा वर्षांनी बिभीषणानं पुन्हा शिफारसपत्र मागितलं, साहेबांकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पारावांनी लखोटा पुढं केला. लाल लाख, वर मोहर. बिभीषणानं तो घेतला आणि तिथंच, टेबलावर, मोहर फोडली. आप्पाराव दचकले. बिभीषणानं वाचलं.

'दियानतदार, मेहनती, फर्माबरदार.'

तेच तीन शब्द. एकामागं एक, तेच.

त्यानं टाक उचलला, दौतीत बुडवला आणि त्याच ओळीपुढं लिहिलं, 'जहीन.' मग खाली आणखी एक ओळ. 'मानमोडीच्या साथीत ह्यानं उमापूरची चाळीस घरं एकट्यानं सांभाळली.' गोल अक्षर, डावीकडं झुकलेलं. कागद फिरवून त्यानं आप्पारावांपुढं ठेवला.

"आप्प्या," तो म्हणाला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. "ह्याच्या खाली सही कर."

आप्पारावांनी ते अक्षर बघितलं आणि त्यांचा रंग उतरला. त्यांनी उठून दार लोटलं. "बिभ्या, मला ठाऊक नव्हतं रे त्या पत्रात काय होतं. बंद होतं ते. मास्तरांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, साथीचं विचारलं तर हो म्हण. साहेबांनी विचारलं. मी हो म्हणालो."

"हां. एवढंच बोललास."

"जहीन राहू दे," आप्पाराव घाईनं म्हणाले. "आणखी काय पाहिजे ते लिही. तुझ्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही, असं लिही, मी सही करतो. पण ही मानमोडीची ओळ खोड. हैदराबादेत माझे कागद आहेत. कुणी दोन्ही शेजारी ठेवले तर? माझी पोरंबाळं आहेत रे."

बिभीषण उभा राहिला. टेबलावर टाक होता. एक रेघ ओढली की झालं असतं. जो शब्द मिळावा म्हणून सोळा वर्षं जीव जळला, तो शब्द समोर सहीसह तयार होता. त्याच्यामागं कंपाउंडरची जागा होती, औषधांच्या बाटल्या होत्या. त्यानं टाक उचललासुद्धा. मग तो पुन्हा दौतीत ठेवला.

"जहीन ठिव तुज्याकडंच," तो म्हणाला. "ती चाळीस घरं एकदा तुज्या नावावर गेली, मला इचारलं नव्हतं म्हनून. आता इचारतूस. तर न्हाई. न्हाई देनार."

बिनसहीचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला. संध्याकाळी तो आईच्या पेटीत गेला, डाक्टरसाबांच्या कागदाशेजारी. दोन्ही उघडे. परीक्षेला बिभीषण बसला नाही. कंपाउंडर बीडहून आला, आणि बिभीषण शेवटपर्यंत ड्रेसर राहिला.

पण हे पुढचं झालं. त्या सकाळी त्यानं साहेबांचं दार उघडलं, तर ओट्यावर वीसेक माणसं बसलेली. कुणाचा पाय, कुणाचा हात, एका बाईच्या मांडीवर भाजलेलं लेकरू. बिभीषणानं बाह्या सरसावल्या, जखमा धुवायचं तसराळं पुढं ओढलं आणि विचारलं, "कोन हाय पैला?"